तिसऱ्या मजल्यावरची खरपुडी

सांगायला उशीर झालाय, तरी सांगते:
त्या आषाढात अंजनेरीच्या पठारावरून
मी एक खरपुडी उपटून आणली.
डब्यात, पोळीच्या फडक्यात गुंडाळून.
मोजणीच्या वहीत त्या चौकटीपुढे लिहिलं, सात.
होत्या आठ.

हेतू वाईट नव्हता.
वरपर्यंत रस्ता होणार अशी बोलवा होती,
आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई.
वाटलं, एक तरी वाचवू.
वाचवू हा शब्द किती पटकन येतो तोंडात.

गंगापूर रोड, तिसरा मजला,
पूर्वेची बाल्कनी, मातीची कुंडी,
तळाला खापऱ्या, वर चाळलेली वाळू,
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग घातलेलं.
कंदाने जीव धरला. दोन पानं, मग चार.
शेजारच्या कर्डिले वहिनी म्हणाल्या,
"लसूण लावलाय का?"
मी हो म्हटलं.

श्रावण गेला.
भाद्रपद गेला.
कंदील काही लागला नाही.

वर, त्याच दिवसांत,
कातळावरच्या बोटभर मातीत
उरलेल्या सात जणी
हिरवट नळ्या ताठ धरून उभ्या होत्या.
टोकाशी पाच पाकळ्यांची गाठ,
आत खाली वळलेले बारीक केस.
चिलटाएवढी माशी वासाला भुलून शिरते,
केस तिला मागे फिरू देत नाहीत.
रात्रभर कोंडलेली.
मग केस सुकतात, फूल मान टाकतं,
माशी परागाची पुरचुंडी घेऊन सुटते
आणि काडीचंही शहाणपण न शिकता
जाते पुढच्या कंदिलात.

ती माशी मी डब्यात आणली नव्हती.
दुपारी दोनला ब्रह्मगिरीकडून सरकत येणारं
आणि गवताला न विचारता बसून राहणारं
ते धुकंही नाही.
तो वाराही नाही, ज्याच्या धाकाने
ती तिथे वीतभरच वाढते.
माझ्याकडे ती हातभर वाढली,
ग्रिलवर रेलली,
रिक्षांच्या आवाजाकडे कान लावल्यासारखी.

मार्गशीर्षात कुंडी उकरली.
कंद दाबला तर बोट आत गेलं.

पुढच्या पावसात पुन्हा मोजणी.
सोबत वाळू बेंडकोळी,
वनखात्याचा हंगामी राखणदार,
लिहिता येत नाही, पण वही त्याच्या टाळक्यात.
चौकटीपाशी उकिडवा बसला.
"गेल्या साली हितं आठ व्हत्या."
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
"पोरांनी खाल्ली आसंल," तोच म्हणाला.
"आम्ही बी खायचो गुरं राखताना. गोड लागती.
पर मोठी काढली का बारकी परत दाबायची त्याच भोकात,
आन् वरून थुकायचं नाय."
मग माझ्याकडे बघितलं.
बराच वेळ नाही. पुरेसा.

पिशवीतून कुंडीतली माती काढली मी,
म्हटलं, निदान ही तरी परत टाकू.
त्याने हात आडवा घातला.
"नगं बाई. शेरातली माती,
गाजरगवत येईल वर."
मी पिशवीचं तोंड गच्च बांधलं
आणि तो भार दिवसभर पठारभर हिंडवला.
सीतेची आसवं फुलली होती, त्यांना वळसा घालून.
खालच्या कड्यात गिधाडाचं पिल्लू,
त्याला पाठ देऊन.
एका पोराचा फाटका रेनकोट उचलून खिशात.

रस्ता अजून झालेला नाही.
होणार नाही, असंही कुणी लिहून दिलेलं नाही.
वाळू दर शनिवारी गर्दी वाढली की
त्या चौकटीवर गुरं बांधल्यासारखा बसून राहतो,
कुणी विचारलं तर म्हणतो, पाय दुखतोय.

त्या साली चौकटीपुढे मी लिहिलं, सात.
या वेळी खरे सात.

कुंडीत आता खरंच लसूण आहे.
कर्डिले वहिनी पात मागून नेतात.